बाबांना सांग

२०२२च्या मार्चमध्ये टपालपेटीत विमा कंपनीचं एक पाकीट आलं. अशी पाकिटं आमच्याकडे महिन्याला चार-पाच येतात, न फोडता खणात जातात आणि टॅक्सच्या वेळी हे ती सगळी एकदम फोडतात. त्या दिवशी मीच का फोडलं, सांगता येणार नाही. बाहेर पाऊस होता, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या होत्या, हात रिकामे होते.

आत एक तक्ता होता. वर ठळक अक्षरांत 'धिस इज नॉट अ बिल'. खाली लेकीचं नाव, सहा तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे तोच आकडा, ९०८३४. फोनवर शोधलं. मानसोपचार, पंचेचाळीस मिनिटं. कॅलेंडर बघितलं तर सहाही मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी ती मला फोन करत नसे, मीटिंग असते म्हणायची.

इथे अमेरिकेत एक गंमत आहे. मूल अठराचं झालं की डॉक्टर आईला एक अक्षर सांगत नाही, तसा कायदाच आहे. पण २०१०च्या आरोग्य कायद्याने मुलं सव्वीस वर्षांची होईपर्यंत आईबापांच्या विम्यावर राहू शकतात, आणि विमा ज्याच्या नावावर, हिशेबाचा कागद त्याच्या घरी. एका कायद्याने झाकलेलं दुसऱ्या कायद्याने पाकिटात घालून दारात आणून टाकलं. पत्र दुसऱ्या पत्त्यावर मागवता येतं, हे मला नंतर कळलं. लेकीला ते आधीपासून माहीत होतं. मग मागवलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणते, "विसरले." चोवीस वर्षांत ही मुलगी ग्रंथालयाचं एक पुस्तक सोडून काही विसरलेली नाही. त्या पुस्तकाकडे येतेच.

पाकीट हातात धरून मी उभी होते तेव्हा डोक्यात पहिला विचार आला तो असा: हे आणखी कोणाकोणाला माहीत आहे? लेकीला काय होतंय, हा दुसरा विचार. हा क्रम लिहायची लाज वाटते, पण तो उलटा करून सांगण्यात अर्थ नाही.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तशी अट आहे. हा लेख तिने आधी वाचलाय, दोन परिच्छेद काढायला लावलेत आणि एका ठिकाणी "आई, असं नव्हतं झालं" म्हणून भांडलीय. ते भांडण मिटलेलं नाही, म्हणून ते वाक्य तसंच ठेवलंय. कुठलं ते सांगत नाही.

मी तिला काही विचारलं नाही. आपल्याकडे विचारतात कुठे? मी डिंकाचे लाडू केले. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून तिच्याकडे जर्सी सिटीला गेले, डबा दिला, "केस फार गळतायत का गं?" असं विचारलं आणि परत आले. महिनाभराने पुन्हा गेले, तेव्हा डबा तसाच होता. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आई, तुला पाकीट आलं ना?"

मग तिने सांगितलं. पाथची, म्हणजे न्यूयॉर्कला जाणारी लोकल गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यात थांबली होती. थांबते कधीकधी, दोन-तीन मिनिटं. त्या दिवशी ती थांबली आणि हिला वाटलं आपण मरतोय. घाम, हातापायांना मुंग्या, छातीवर कोणी बसल्यासारखं. इस्पितळात गेली. कार्डिओग्राम बरोबर, रक्त बरोबर. डॉक्टरने विचारलं नक्की काय होत होतं, तर हिच्या तोंडात आलं ते मराठी: जीव घाबरा झाला. त्याला इंग्रजीत काय म्हणायचं? छाती आवळली म्हणावं तर ती हृदयाची गोष्ट होते, भीती वाटली म्हणावं तर कशाची ते सांगावं लागतं. जीव घाबरा होतो तेव्हा 'कशाने' असं कोणी विचारत नाही, पाणी देतात.

तिथून ती थेरपिस्टकडे गेली. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. तिघींची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळलीय. पहिलीबद्दल माझं मत वाईट नाही. गोरी, पन्नाशीची, प्रेमळ बाई. तिने विचारलं, घरी किती वेळा फोन करतेस? रोज. "रोज?" लेक म्हणते, त्या दुसऱ्या 'रोज'मध्ये मी सहा वर्षांची झाले.

या बाईंकडे एक प्रसंग घडला, तो मला फार आवडतो, जरी त्यात मीच खलनायिका आहे. लेकीला सिॲटलला नोकरी मिळत होती. तिने आम्हाला सांगितलं. मी म्हणाले, "आमचं काही म्हणणं नाही. तुझं तू बघ." तिने ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजी करून थेरपिस्टला सांगितलं. बाईंना आनंद झाला. आई म्हणतेय माझी हरकत नाही, निर्णय तुझा आहे, मग अडचण कुठे आहे? इतकी समंजस आई! पंचेचाळीस मिनिटांतली पंधरा मिनिटं लेक समजावत होती की हे वाक्य परवानगीचं नाही. 'आमचं काही म्हणणं नाही' म्हणजे म्हणणं इतकं आहे की ते तोंडातून काढता येत नाही. 'तुझं तू बघ' म्हणजे आमचं कोण बघणार. बाईंनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी त्यांनी एक शब्द दिला: एकमेकांत गुरफटलेलं कुटुंब. कुटुंबोपचारातला जुना शब्द आहे, साल्वादोर मिनुचिन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने रूढ केलेला. उपाय दिला: फोन आठवड्यातून एकदा.

लेकीने दोन आठवडे तो पाळला. मी तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीला फोन केला.

(सिॲटलला ती गेली नाही. ती म्हणते माझ्यामुळे. मी म्हणते, तिला पाऊस आवडत नाही.)

दुसरी थेरपिस्ट आपल्यातली होती. आपल्यातली म्हणजे गुजराती, इथेच जन्मलेली, एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानांची नावं पाठ असलेली. विमा घेत नव्हती, एका वेळचे एकशे ऐंशी डॉलर. पण लेकीला वाटलं, निदान हळदीकुंकू म्हणजे काय ते सांगण्यात पैसे जाणार नाहीत. ते गेले नाहीत खरं, कारण काही सांगायची वेळच आली नाही. बाईंना सगळं आधीच माहीत होतं. "ओ, अवर मम्मीज!" म्हणून हसायची. तिसऱ्या बैठकीत तिने निदान केलं की घरून लग्नाचं दडपण आहे. आम्ही लग्नाचा शब्द काढला नव्हता. बरं, एकदा काढला होता, पण तो मराठी मंडळातल्या एका मुलाचा विषय निघाला म्हणून. आणि वडील बोलत नाहीत हे लेकीने सांगितलं तर म्हणाली, आपल्यात असंच असतं.

आपल्यात असंच असतं, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलंय आणि वापरलंय. पण पैसे घेऊन ते कोणी ऐकवत असेल, असं वाटलं नव्हतं. आणि ते धोक्याचंही आहे. इथे न्यू जर्सीत 'मानवी' नावाची संस्था १९८५पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, घरात मार खाणाऱ्या, कोंडलेल्या बायकांसाठी. 'आपल्यात असंच असतं' हे त्यांच्याकडे येणाऱ्या किती जणींना आधी कोणीतरी समजुतीच्या सुरात सांगितलं असेल. संस्कृती समजून घेणं वेगळं आणि तिच्या नावाने डोळे मिटून घेणं वेगळं. आमच्या घरात मारझोड नव्हती. पण बाईंनी विचारलं कुठे होतं?

तिसरी मल्याळी, ख्रिश्चन, ह्यूस्टनमध्ये वाढलेली, पस्तिशीची. गणपतीत गौरी कधी येतात हे तिला माहीत नव्हतं आणि माहीत असल्याचा आवही तिने आणला नाही. तिने पहिल्या दिवशी जे विचारलं ते लेकीने मला शब्दशः सांगितलं: तुला जे होतंय ते मला नको, तुझ्या घरच्यांना सांगायचं झालं तर कुठल्या शब्दांत सांगशील?

हे काही तिचं एकटीचं डोकं नव्हे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांचा जो जाडजूड निदानग्रंथ असतो, त्याच्या २०१३च्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे, रुग्णाची संस्कृती समजून घेण्यासाठी. तो प्रश्न त्यातलाच. प्रश्न साधे आहेत, गावाकडची म्हातारी विचारेल तसे: तुझ्या मते हे कशामुळे झालं, तुझ्या माणसांना काय वाटतं, आधी काय काय करून बघितलंस. त्याच ग्रंथात 'अति विचार' याला झिम्बाब्वेतल्या शोना भाषेतला शब्द दिलाय, कुफुंगिसिसा. म्हटलं बघा, 'फार विचार करू नकोस, डोक्यात किडे पडतील' हे फक्त सांगलीत म्हणतात असं नाही.

लेकीने 'जीव घाबरा होतो' सांगितलं. मग कधी कधी होतो ते सांगितलं. गाडी थांबली की. फोन वाजायचा बंद झाला की. ऑफिसात दोघं जण एकमेकांशी बोलत नसले की. "त्यांचं भांडण असतं का?" नाही, म्हणजे आरडाओरडा नसतो, नुसती शांतता असते. "तुमच्या घरात अशा शांततेला काही शब्द आहे?"

आहे ना. अबोला.

इंग्रजीत याला सायलेंट ट्रीटमेंट म्हणतात, आणि इथल्या मासिकांत, व्हिडिओंत ती मानसिक छळाच्या यादीत असते. यादी वाचून मला राग आला होता. अबोल्यात माणूस दुसऱ्याला शिक्षा करत असेलही, पण ताट वाढतोच. डबा भरतो, सदऱ्याला इस्त्री करतो, ताप आला तर कपाळावर हातही ठेवतो, फक्त बोलत नाही. माझ्या आजीने आजोबांशी एकदा अख्खा श्रावण अबोला धरला होता आणि त्या श्रावणात पुरणपोळी एकदाही चुकली नव्हती. हे मी लेकीला तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. पण निरोप कोण द्यायचं?"

आजीच्या घरात सतरा माणसं होती. निरोप हवेतून जायचा. एडिसनमधल्या आमच्या एका बेडरूमच्या घरात माणसं तीन होती, त्यातली दोन बोलत नव्हती.

आता ते सांगायलाच हवं. मी इथे आले १९९६मध्ये. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची वनस्पतीशास्त्रातली एमएस्सी, सांगलीत दोन वर्षं शिकवलेलं. ह्यांचा नोकरीचा व्हिसा, एच-१बी, माझा त्यांची बायको म्हणून मिळालेला, एच-४. म्हणजे राहा, स्वयंपाक करा, मूल वाढवा, पण एक डॉलर कमावलात तर बेकायदेशीर. एच-४वाल्या काही बायकांना कामाची परवानगी मिळाली ती २०१५मध्ये. तोवर माझं ग्रीन कार्ड होऊन नऊ वर्षं झाली होती. मधली दहा वर्षं मी काय केलं असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर तयार असे: पोरीला वाढवलं, मजेत गेले ते दिवस. मला ते खरंच वाटायचं. लेकीला आठवते ती मात्र एक बाई, जी सिंकचा नळ सोडून त्याच्याकडे बघत उभी असायची. भांडी घासलेली असायची.

२००५च्या फेब्रुवारीत सांगलीहून दादाचा फोन आला, आई अत्यवस्थ आहे. आमचे ग्रीन कार्डचे कागद अडकलेले, माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. गेले तर परत यायला किती महिने लागतील, येता येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. लेक सात वर्षांची. हे म्हणाले, जाऊ नकोस. नीट म्हणाले, हिशेब मांडून म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. दोन दिवसांनी आई गेली. मी तेराव्यापर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही.

तेरा दिवस. संध्याकाळी ताट वाढायचं आणि लेकीला सांगायचं, "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." ती बाहेरच्या खोलीत जायची. परत यायची. "बाबा म्हणतोय, भूक नाही." "सांग, औषध घ्यायचंय, दोन घास खा." ती पुन्हा जायची. माझ्या डोळ्यांसमोर तिची मोजे घातलेली छोटी पावलं आहेत. कार्पेटवर आवाज न करता धावणारी. तेव्हा मला कौतुक वाटायचं, किती शहाणी आहे. मंडळात बायकांना सांगितलंही होतं की आमची म्हणजे अगदी आजीबाई आहे.

लेकरू आईबापांचं आईबाप होतं, याला इथल्या शास्त्रात शब्द आहे. आमच्याकडे त्याला शहाणं बाळ म्हणतात.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये थेरपिस्टने आम्हा दोघांना एका बैठकीला बोलावलं. यायलाच हवं असं नाही, म्हणाली, पण आलात तर बरं. हे म्हणाले, "मला कामं आहेत," आणि गॅरेजमध्ये जाऊन आधीच लावलेले खिळे पुन्हा लावत बसले. मी बसले. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, तो नीट दिसावा म्हणून खाली पापडाचा डबा. शेजारी लेक.

बाई पडद्यावर आली आणि तिने आधी विचारलं, तुम्हाला कशी हाक मारू? मी या देशात सत्तावीस वर्षं आहे. दाताच्या डॉक्टरकडची वीस वर्षांची पोरगी मला नावाने हाक मारते, तेही चुकीच्या नावाने, आणि मी 'ओ' देते. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काकू म्हण. तिने दोनदा म्हणून बघितलं आणि हसायला लागली. म्हणे, आमच्या मल्याळममध्ये काक्का म्हणजे कावळा. लेकही हसली. मी हसले आणि मधेच थांबले, ते तिच्या लक्षात आलं असावं, पण तिने तेव्हा काही विचारलं नाही.

सुरुवात मी भांडणानेच केली. इंग्रजीत. माझं इंग्रजी चांगलं आहे, वनस्पतीशास्त्र मी इंग्रजीतच शिकवलंय. आम्ही मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कॉलेजचं कर्ज डोक्यावर ठेवलं नाही, मग कमी काय पडलं? बाई ऐकत होती. मान हलवत होती, पण आपली नेहमीची 'हो हो' अशी नव्हे. मग म्हणाली, काकू, तुम्ही हे मराठीत सांगाल का?

मी लेकीकडे बघितलं. तिने लगेच पाठ ताठ केली, दुभाष्यासारखी. आजी, म्हणजे ह्यांची आई, सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा इस्पितळात नऊ वर्षांच्या हिनेच तिचं पोट साफ होतं की नाही इथपासून सगळं डॉक्टरांना सांगितलं होतं. लहान मुलांना असं दुभाषी म्हणून वापरू नये, असा नियम इथे २०१६मध्ये झाला. बाई तिला म्हणाली, "आज तू भाषांतर करायचं नाहीस. मला कळलं नाही तरी चालेल. नंतर काकूंना वाटलं तर त्या सांगतील."

ज्या माणसाला आपलं बोलणं कळणार नाही त्याच्यासमोर बोलणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी काय बोलले? दादाने फोनवर जे सांगितलं होतं ते. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. सगळे हात जोडून एकेक आश्वासन देत होते, नातवाचं लग्न करू, घर विकणार नाही. शेवटी दादा म्हणाला, ताईला पुढच्या वर्षी नक्की बोलावतो. आणि कावळा शिवला. दादाने हे माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं होतं. मी फोन ठेवला, फोनकार्डावर चार मिनिटं उरली होती, ती कोणाशी बोलावीत ते कळेना. नळ सोडला आणि उभी राहिले. ह्यांना हे मी कधीच सांगितलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्याने बरोबर निर्णय घेतला त्याला काय सांगायचं?

लेक रडत होती. बाईला एक शब्द कळला नव्हता. तीही गप्प होती, पण ती शांतता वेगळी होती. मग लेक मराठीतच म्हणाली, "आई, मला वाटलं होतं माझ्या पुस्तकावरून भांडताय." कुठलं पुस्तक? ग्रंथालयाचं, त्याच आठवड्यात तिने हरवलेलं, व्हेल माशांचं. बारा डॉलर दंड होता. तिने तो कागद मोज्यांच्या खणात लपवून ठेवला होता. तेरा दिवस ती धावत होती ती बारा डॉलर फेडत.

बैठकीनंतर मी एकदम सुधारले वगैरे काही नाही. मला अजूनही राग येतो. मुलं 'टॉक्सिक' शब्द चहात साखर घालावी तसा वापरतात. काही झालं की 'बाऊंडरी'. लेकीने एकदा बाबाला विचारलं, बाऊंडरीला मराठीत काय म्हणतात, तर हे म्हणाले, "चार धावा." मी म्हटलं कुंपण, ती म्हणाली कुंपण जनावरांना असतं, हे म्हणाले सीमारेषा, मी म्हटलं तिथे सैन्य असतं. शब्द सापडला नाही. सध्या आम्ही 'विचारून ये' एवढ्यावर भागवतो.

आणि थेरपी म्हणजे पाश्चात्त्य खूळ, असं म्हणणाऱ्या आमच्या मंडळातल्या लोकांचाही राग येतो. त्यांना ह्यांची गोष्ट सांगायला हवी. हे मूळचे डोंबिवलीचे. तरुणपणी ह्यांना कि. मो. फडके यांच्या लेखांचं वेड होतं. फडक्यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाशी मुंबईतून वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. न भेटता, पत्रांतून प्रश्न विचारत, वाद घालत त्याची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती आत्मसात केली आणि मराठीत आणली. एलिसचं सगळं भांडण 'मस्ट'शी. आपल्या भाषेत ते एका अक्षराचं, 'च'शी. पहिला नंबर यायलाच हवा, लोकांनी चांगलं म्हणायलाच हवं. हे अजून ती पुस्तकं जपून आहेत, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा. तो एलिस २००७पर्यंत हयात होता. मॅनहॅटनमध्ये दर शुक्रवारी रात्री नाममात्र फी घेऊन लोकांसमोर समुपदेशन करायचा, कोणीही जाऊन बसावं. एडिसनहून गाडीने तासाभराचा रस्ता. अकरा वर्षं हे तिथेच होते आणि एकदाही गेले नाहीत. का, विचारलं तर म्हणाले, "आपल्याला काय झालंय?"

ठाण्यात आयपीएचसारखी मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून आहे. तिथे मराठीतून बोलायला माणसं रांगेने जातात. माझी भाची तिथलं ऐकून, वाचून मोठी झाली, तिला या सगळ्याचं काही विशेष वाटत नाही. आम्ही मात्र ज्या वर्षी निघालो, त्या वर्षाचा महाराष्ट्र बॅगेत भरून आणला आणि तोच मुलांना वाढला. मुलं आपल्याला जुनाट म्हणत नाहीत. तारीख उलटून गेलेलं खायला लावता, म्हणतात.

ॲलन रोलंड नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषकाने भारतात आणि जपानमध्ये काम करून एक गोष्ट मांडली होती, की आपल्याकडच्या माणसाचं 'मी' हे कुटुंबात मिसळलेलं असतं आणि त्याला आजार समजू नये. लेकीने मला हे दाखवलं तेव्हा मी फुशारले. म्हटलं, बघ. ती म्हणाली, "मिसळलेलं असू दे गं. पण माझ्या वाट्याचं कुठलं ते मला दिसायला तरी हवं ना."

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. ह्यांनी मला न विचारता बर्फ उडवायचं यंत्र आणलं, नऊशे डॉलरचं. घराचा रस्ता तो केवढा, दोन गाड्या राहतील एवढा. शब्दाला शब्द वाढला आणि शुक्रवारपासून अबोला. शनिवारी लेक आली. दारातच तिला कळलं, हवा बघून. काही बोलली नाही. बूट काढले, आमटीचं झाकण उचलून वास घेतला, टेबलाशी बसली.

हे वर होते. मी ताटं घेतली. तोंडातून निघालंच, "बाबांना सांग..."

लेक माझ्याकडे बघत राहिली. उठली नाही. "तूच सांग ना," म्हणाली, हळू.

"मग राहू देत उपाशी," मी म्हटलं.

जिन्यावरून आवाज आला, "ऐकू येतंय मला." हे खाली येत होते, कठड्याला धरून, गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी. "खाली बोललेलं सगळं वर ऐकू येतं."

लेकीने विचारलं, "त्या जुन्या घरात?"

"त्या घरात तर भिंत म्हणजे पुठ्ठा होता. तुझी आई पोळी तव्यावर टाकायची तेही ऐकू यायचं."

"मग मी यायच्या आधीच तुला कळलेलं असायचं?"

"हो."

"मग उठायचा नाहीस का?"

हे खुर्ची ओढून बसले. बराच वेळ ताटाकडे बघत होते. "तू हात धरून न्यायचीस," म्हणाले. "त्या दिवसांत तेवढंच कोणीतरी हात धरायचं."

लेक काही बोलली नाही. रडलीही नाही. तिचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मी वाचायचा प्रयत्नही केला नाही. मंगळवारी तिला सांगायला काहीतरी झालं असेल. मी आमटी परत गरम करायला ठेवली.